खोडकिड्यावरील औषधाने मित्रकीटक का मरतात?

जव्हार तालुक्यातील जामसर व आसपासच्या पाड्यांवर भात, नागली व वरई ही खरिपाची मुख्य पिके होत. भाताच्या खाचरात पिवळा खोडकिडा शिरला म्हणजे प्रथम कोवळ्या फुटव्यांचा गाभा सुकतो आणि पुढे पळिंज होऊन लोंबीत दाणा भरत नाही. अशा वेळी हाती येईल ते औषध फवारण्याकडे शेतकऱ्याचा कल होतो. परंतु अनेक औषधांनी खोडकिड्याबरोबर त्याच्या अंड्यांचा नाश करणारे कीटक आणि मधमाश्याही मरतात. याचे कारण कीटकांच्या शरीररचनेत आहे.

प्रथिनांच्या जोड्या

प्रत्येक कीटकाच्या शरीरात हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांतील बहुतेक एकेकटी काम करीत नाहीत. एक प्रथिन दुसऱ्याशी नीट जुळले म्हणजेच पुढील क्रिया सुरू होते. पिकलेल्या फळांवर घोंगावणाऱ्या ड्रॉसोफिला नावाच्या चिमुकल्या माशीतील अशा जोड्यांचा नकाशा सन २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४,६७९ प्रथिनांमधील ४,७८० जोड्या विश्वसनीय ठरल्या.

यांपैकी कित्येक जोड्या इतर कीटकांतही जशाच्या तशा आढळतात. कात टाकण्याची क्रिया हे याचे उत्तम उदाहरण होय. अळीने कात केव्हा टाकावी हे एक्डायसोन नावाचे संप्रेरक ठरविते. सन १९५४ मध्ये जर्मनीत बुटेनांट व कार्लसन यांनी कोशावस्थेतील सुमारे ५०० किलो रेशीमकिड्यांपासून अवघे २५ मिलिग्रॅम संप्रेरक वेगळे केले. त्याची परीक्षा मात्र माशीच्या अळीवर घेतली गेली व तेथेही ते लागू पडले. हे संप्रेरक दोन प्रथिनांच्या जोडीवर बसते, असे सन १९९३ मध्ये ड्रॉसोफिलात सिद्ध झाले. तीच जोडी पतंग, भुंगेरे व मधमाश्या यांतही आहे.

माशी व पतंग यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी ही जोडी टिकली. जोडीतील एका प्रथिनाचा आकार बिघडून ते दुसऱ्याशी जुळले नाही, तर अळी कात टाकू शकत नाही व प्रजोत्पादनापूर्वीच मरते. त्यामुळे असा बिघाड पुढील पिढीत उतरत नाही.

औषधाची निवड

यावरून सर्वनाशी औषधांचा धोका ध्यानी येईल. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे मज्जातंतूंतील ज्या प्रथिनाला निकामी करतात, ते खोडकिडा, मधमाशी व कोळी या सर्वांत असते, माणसातही असते. म्हणून फवारणाऱ्यालाही विषबाधा होऊ शकते.

याउलट, कात टाकविणाऱ्या जोडीत संप्रेरक बसण्याच्या खोबणीची घडण पतंगवर्गात थोडी निराळी आहे. टेबुफेनोझाइड व मेथॉक्सीफेनोझाइड ही औषधे त्या खोबणीत घट्ट बसतात, इतर कीटकांत तितकी बसत नाहीत. त्यामुळे पतंगवर्गीय अळी अकाली कात टाकू लागते, खाणे सोडते व मरते. रेशीमकिडाही पतंगवर्गीयच असल्याने तुतीजवळ मात्र ती घातक ठरतात. कोणतेही औषध त्याच्या वेष्टनावर त्या पिकाचा उल्लेख असेल व कृषी विभागाची शिफारस असेल तरच वापरावे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

खोडकिड्याची मादी पानाच्या शेंड्याजवळ अंडी घालते. म्हणून आवणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करावेत. कापणी जमिनीलगत करावी व नंतर नांगरट करून धसकटे वेचून नष्ट करावीत, म्हणजे त्यांत दडलेल्या अळ्या मरतात. ट्रायकोग्रामा जापोनिकम हा सूक्ष्म परोपजीवी कीटक खोडकिड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालतो. त्याची कार्डे खाचरात लावली असता त्या काळात सर्वनाशी औषध मुळीच फवारू नये.

दर चौरस मीटरला एक अंडीपुंज अथवा ५ टक्के गाभेमर आढळल्यावरच औषधाचा विचार करावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीचा सल्ला देण्यापूर्वी शेतकऱ्यासमवेत खाचरात उतरून ही मोजणी करावी. त्यायोगे औषधाचा खर्च वाचेल आणि खोडकिड्याचे नैसर्गिक वैरी खाचरात टिकून राहतील.