मद्यावलंबित्वाची लक्षणे आणि वैद्याची दक्षता

चंद्रपूर-गडचिरोली भागात 'दारू सोडवा' असे म्हणत स्वतःहून येणारा रुग्ण विरळाच. तो अम्लपित्त, अनिद्रा, हातापायांची आग किंवा पडून झालेली इजा घेऊन येतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली व २०२१ मध्ये उठविण्यात आली. बंदी असते तेथे कायद्याच्या भयाने पिणे लपविले जाते. आणि मोहाची दारू जेथे देवकार्यात व सणासुदीस चालत आली आहे, तेथे ते व्यसन वाटतच नाही. अशा स्थितीत निदानाचा भार वैद्यावरच येतो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात मदाच्या अवस्था व मदात्ययाचे दोषानुसार भेद वर्णिले आहेत. तथापि मद्य घेणारा प्रत्येक जण मद्यावलंबी नसतो. अवलंबित्व पुढील लक्षणांवरून ओळखावे :

१. पिण्याची अनावर ओढ.
२. किती व केव्हा प्यावे यावरील ताबा सुटणे.
३. पूर्वीइतकाच मद येण्यास अधिक मात्रा लागणे.
४. मद्य न मिळाल्यास कंप, स्वेद, हृल्लास, अनिद्रा.
५. शेती, मजुरी व कुटुंब यांकडे दुर्लक्ष.
६. अपाय कळूनही पिणे चालू ठेवणे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत यांपैकी तीन वा अधिक लक्षणे वर्षभरात एकत्र आढळणे हा निकष दिला आहे.

प्रश्नपरीक्षा एकांतात, गुप्ततेची हमी देऊन करावी. आम्ही चार प्रश्न उपयुक्त मानतो : पिणे कमी करावे असे कधी वाटले काय? कोणी टोकल्यास राग येतो काय? पिण्याबद्दल अपराधी वाटते काय? सकाळी उठताच घोट घ्यावा लागतो काय? दोन उत्तरे होकारार्थी आल्यास सखोल तपासणी करावी.

खरा धोका मद्य एकाएकी बंद होण्यात आहे. अस्थिभंग वा ज्वरासाठी दाखल झालेल्या रुग्णास शेवटच्या पानानंतर काही तासांतच कंप सुटतो. पहिल्या दोन दिवसांत आक्षेपक येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, प्रलाप व नसलेले दिसणे संभवते. आपल्या भागात हे चित्र मेंदूपर्यंत पोहोचलेल्या हिवतापासारखे भासते, किंवा घरचे लोक बाहेरची बाधा समजतात. रक्ततपासणी अवश्य करावी, परंतु मद्याचा इतिहासही विचारावा. आक्षेपक वा प्रलाप दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. चरकांनी अहितकर सवय पादांशिक क्रमाने सोडण्यास सांगितले आहे. मात्र तीव्र अवलंबित्वात तो प्रयोग घरी, देखरेखीविना करणे धोक्याचे आहे.

शेवटी आपल्याच औषधपेटीविषयी. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्य असते. मद्यावलंबी रुग्णास द्राक्षासव वा दशमूलारिष्ट देणे टाळावे व क्वाथ, चूर्ण, वटी योजावी. डायसल्फिराम घेणाऱ्यास तर आसवाची अल्प मात्राही उलटी, धडधड व रक्तदाब उतरणे असे गंभीर उपद्रव करू शकते. तेव्हा औषध लिहिण्यापूर्वी पिण्याविषयी एक प्रश्न प्रत्येक रुग्णास विचारावा, अशी आमची सर्व वैद्यबंधुभगिनींस विनंती आहे.