वहीत न उतरलेले देणे

दिवाळीच्या अमावास्येला पहाटे मंदिरात निर्वाणलाडू अर्पण करायचा आणि सायंकाळी पेढीवर वहीपूजन करायचे, हा आपल्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. जुनी खतावणी बासनात जाते, नव्या वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक उमटते आणि येणी-देणी नव्या पानांवर ओढली जातात. त्या दिवशी कोणाचे किती देणे आहे, हे घरातील कर्त्या पुरुषाला वही न उघडताही सांगता येते. अलीकडे मात्र अनेक घरांत असे एक देणे असते, की जे या वहीत कधीच उतरत नाही. ते मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणाचे कर्ज असते.

आमच्या परिचयाचे एक भुसार व्यापारी आहेत. तालुक्याच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांचे दुकान. धाकट्या मुलाच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी त्यांनी दहा लाखांचे कर्ज काढले. "हप्ता पोरगं नोकरीला लागल्यावर. आज काय त्याचं?" असे ते म्हणत. गुळाच्या गाडीमागे क्विंटलला काय सुटले, हे उभ्याउभ्या सांगणाऱ्या या गृहस्थांनी पाच वर्षांत त्या कर्जाचे व्याज एकदाही मोजले नव्हते.

आपण मोजून पाहू. दर सोपा, वर्षाला शेकडा १० धरू. दरवर्षी २.५० लाखांप्रमाणे चार वर्षांत बँक १० लाख देते. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्ष हप्त्याची सवलत असते. पण सवलत हप्त्याला असते, व्याजाला नसते. रक्कम ज्या दिवशी महाविद्यालयाकडे जाते, त्या दिवसापासून व्याज सुरू होते. पहिल्या २.५० लाखांवर पाच वर्षांचे १.२५ लाख, दुसऱ्यावर एक लाख, तिसऱ्यावर पाऊण लाख आणि चौथ्यावर अर्धा लाख. ही बेरीज ३.५० लाख होते आणि ती मुद्दलात मिळवली जाते. म्हणजे पहिला हप्ता भरण्यापूर्वीच १० लाखांचे १३.५० लाख झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर दरमहा सुमारे १७,८०० रुपये. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता १४,५०० वर येतो, मात्र एकूण परतफेड २६ लाखांच्या पुढे जाते.

शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेले असते, तर पहिल्या वर्षी महिन्याला २,१०० रुपयेदेखील लागले नसते. शेवटच्या दोन वर्षांत ती रक्कम ८,३०० पर्यंत गेली असती आणि नंतरचा हप्ता १३,२०० च्या आसपास राहिला असता. असे व्याज वेळेवर भरणाऱ्यास अनेक बँका दरात एक टक्का सवलतही देतात. चालत्या दुकानाला पहिल्या वर्षीची ती रक्कम जाणवलीही नसती. पण ती कोणी मागितली नाही, म्हणून कोणी दिली नाही.

मुलगा पुण्यात नोकरीला लागला. हातात ३२,००० येतात. पाच तारखेला हप्ता वळता झाला की १४,२०० उरतात. त्यात तिघांच्या खोलीतील भाड्याचा वाटा, बसचा पास आणि डबा. कांदा-लसूण-बटाट्याविना जैन डबा देणाऱ्या ताई पैसे थोडे अधिक घेतात. साधी खानावळ स्वस्त पडली असती, पण ते त्याला करवत नाही. दोन वर्षांत त्याला एकदा चांगली संधी आली. कंपनी लहान होती, काम शिकण्यासारखे होते, पगार मात्र पहिले सहा महिने कमी. त्याने नाही म्हटले. एक हप्ता जरी परत गेला, तरी बँकेचा फोन आधी अण्णांना जाईल, ही त्याला धास्ती. दुकानात परत येऊन काही नवे करावे, असेही त्याच्या मनात होते. पण धंद्यात पहिली दोन वर्षे हात रिकामे राहणार, हे व्यापाऱ्याच्या मुलाला कोणी सांगावे लागत नाही, आणि हप्ता तर दोन महिनेही थांबत नाही. दुकानाची चौथी पिढी तूर्त तरी त्या हप्त्यापाशीच अडली आहे.

घरात लग्नाचा विषय निघाला तेव्हा तो "दोन वर्षं थांबू या" एवढेच म्हणाला. कारण सांगितले नाही. आपल्या परिचय मेळाव्यांच्या पुस्तिका पाहाव्यात. शिक्षण, उंची, गोत्र, पॅकेज, स्वतःचे घर, सगळ्याचे रकाने असतात. शिरावरील कर्जाचा रकाना अद्याप कोठे पाहिला नाही. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. वास्तुविशारद किंवा फिजिओथेरपिस्ट झालेल्या मुलीच्या नावावरही कर्ज असते. लग्नानंतर तिच्या पगारातून तो हप्ता जाणे सासरी चालेल का? की माहेरच्यांनी भरायचा? साखरपुड्याच्या यादीत दागिन्यांचे तोळे लिहिले जातात, पण हे विचारण्यास दोन्हीकडची मंडळी संकोचतात. मग लग्नानंतर सहाव्या महिन्यात बँकेच्या संदेशावरून ते उघड होते आणि सासरी "आम्हाला सांगितले नाही" हा शब्द कायमचा राहतो. आमच्या मते बैठकीतच सांगावे. आकडा सांगितल्याने मोडणारे स्थळ तो लपवून फार काळ टिकत नाही.

वडिलांच्या बाजूने पाहिले तर दुकान या कर्जापासून दूर नाही. पालक सहकर्जदार म्हणून सही करतात, आणि सर्वसाधारण नियमाप्रमाणे साडेसात लाखांवरील कर्जाला तारण लागते. परदेशी शिक्षण असेल तर ते बहुधा राहते घर किंवा दुकानाचा गाळा असतो. मुलाचे हप्ते थकले तर ती नोंद वडिलांच्याही पतअहवालात दिसते. दुकानाच्या कॅश क्रेडिटचे नूतनीकरण करताना बँक तोच अहवाल समोर ठेवते. ज्या कर्जाला वहीत पान नाही, ते अशा दिवशी अचानक पेढीवर येऊन बसते.

कराचाही एक गैरसमज आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट १९६१ च्या आयकर कायद्याच्या ८०-ई कलमाने आठ वर्षांपर्यंत दिली, पण ती व्यक्तीला. अविभक्त कुटुंबाच्या खात्यातून किंवा फर्ममधून हप्ता भरला तर ती मिळत नाही. मुद्दलावर नाही, नातेवाइकाकडून घेतलेल्या रकमेवर नाही आणि नव्या करप्रणालीतही नाही.

शिकणाऱ्याचा भार कोणी वाहायचा, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडले. आपल्या अनेक न्यासांत आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती असते. व्याज नाही, कमावता झाल्यावर फेडायचे. पण तिची रक्कम बहुधा जुन्या फीच्या काळची असते. विश्वस्तांनी नव्या रकमा वाढवता येत नसतील, तर निदान गरजू मुलांचे शिक्षणकाळातील व्याज न्यासाने भरावे, असे सुचवावेसे वाटते. थोड्या पैशांत अधिक मुलांचे मुद्दल फुगण्यापासून वाचेल.

त्या भुसार व्यापाऱ्यांनी गेल्या दिवाळीला बँकेतून उतारा मागवला आणि नव्या वहीत मुलाच्या नावाने पान उघडले. मुद्दल, मिळवलेले व्याज, भरलेले हप्ते, सगळे तारीखवार. मग दुकानातून दरमहा पाच हजार त्या कर्जखात्यात जादा भरायचे ठरवले. बदलत्या दराच्या अशा वैयक्तिक कर्जाला मुदतीपूर्वी फेडल्याचा दंड नसतो, हेही त्यांनी तेव्हाच विचारून घेतले. पाडव्याला मुलगा घरी आला, तेव्हा वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने बराच वेळ ते पान पाहिले.

"अण्णा, हे पाच हजार माझ्या नावे टाका. मी फेडीन."

"टाकलेच आहेत की, खाली बघ. व्याज तेवढं लावलेलं नाही."