काचेच्या डालग्यातला राजा

"मामा, माझा एक मासा काळा पडलाय!" घोडेगावहून भाच्याचा फोन. आवाज रडवेला. दिवाळीत त्यानं पुण्याहून चार मासे आणले होते. पिवळेधमक, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळे पट्टे. दुकानदार त्यांना ऑरेटस म्हणाला होता. होळी उलटली आणि त्यातला एक काळाकुट्ट!

गेलो बघायला. टाकी दोन फुटी, म्हणजे जेमतेम चार घागरी पाणी. काळोबा मधल्या दगडाभोवती ऐटीत फेऱ्या मारत होता. बाकीचे तिघे वरच्या कोपऱ्यात फिल्टरच्या नळीला चिकटलेले. एकाची शेपटी झिजलेल्या खराट्यासारखी. कुणी चार बोटं खाली सरकला, की काळोबा सुसाट अंगावर! डॉक्टरची गरज काळ्याला नव्हती, त्या तिघांना होती.

ऑरेटसचा नर मोठा झाला आणि इतरांवर त्याचा वचक बसला, की त्याच्या रंगांची उलटापालट होते. पिवळं होतं तिथं काळं, काळं होतं तिथं फिकट पट्टे. अगदी फोटोच्या निगेटिव्हसारखं. (निगेटिव्ह म्हणजे काय, ते आजोबांना विचारा.)

"पण तो मारतो का सगळ्यांना?" याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आहुप्यात मिळालं. डिंभे धरणाच्या पाण्याला वळसे घालत रस्ता घाटमाथ्यावर चढतो, तिथं शेवटाला हे गाव. पलीकडे थेट कोकणात कोसळणारा कडा. ओळखीच्या आजींकडे उतरलो, तर अंगणात दोन कोंबड्यांची जुंपलेली. पिसं फुलवली, दोन उड्या, एक टोच, आणि हरलेला तुरुतुरु करवंदीच्या जाळीत पसार. जिंकलेला मागे गेलासुद्धा नाही. आरवला आणि दाणे टिपायला लागला.

"संपलं एवढ्यात?" भाचा म्हणाला.

"पळाया जागा हाय म्हणून संपलं," आजी म्हणाल्या. "दोघं एका डालग्याखाली कोंडलं असतं तर एकच उरला असता."

डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. भाचा गप्प झाला. त्याला घरातलं काचेचं डालगं आठवलं असणार.

ऑरेटस आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला. हे सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ७०० मीटर खोल! काठाच्या खडकांवर शेवाळ उगवतं आणि हे मासे ते दातांनी खरवडून खातात. नर एखादा खडक धरून बसतो. ते त्याचं शेत. शेजारी घुसला की बांधावरून भांडण, आपल्याकडे होतं तसंच. पण तिथं हरलेला मासा चार हात लांब गेला, की मिटलं. टाकीत त्यानं जायचं कुठं? काच आडवी येते, तो तिथंच दिसत राहतो आणि काळोबाला वाटतं, हा अजून हटत कसा नाही!

घरी परतल्यावर आम्ही टाकीतले दगड इकडचे तिकडे केले. त्यानं जुने बांध पुसले जातात आणि सगळेच मासे नवखे होतात. दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी काळोबानं नवा सातबारा करून घेतला. मोठ्या टाकीत बरेच मासे एकत्र ठेवतात, म्हणजे मार एकाच्याच वाट्याला येत नाही. चार घागरींत तेही जमत नाही. खरं सांगायचं तर एवढ्याशा टाकीसाठी हे मासे आणायचेच नव्हते.

"मग घोड नदीत सोडून देऊ?"

"अजिबात नाही!" मी ओरडलोच. तुम्ही चिलापी खाल्लीय ना? तीही आफ्रिकेतली, याच सिक्लिड कुळातली. १९५२ साली ती भारतात आणली. आज उजनी धरणात चिलापीच चिलापी. तिचा नर उथळ पाण्याच्या तळाशी तोंडानं परातीसारखा गोल खड्डा करतो आणि दुसऱ्या नराला जवळ फिरकू देत नाही. मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात भरून घेते. पिल्लं बाहेर पडून जरा तरतरीत होईपर्यंत ती त्यांना तिथंच सांभाळते. एवढी राखण असल्यावर पिल्लं भरपूर जगणारच. मग आपल्या गावठी माशांना जागा आणि खाणं कुठून उरणार? आणि आहुप्याजवळ उगम पावलेली घोड पुढं भीमेला मिळते, भीमा उजनीला जाते. इथं सोडलेलं तिथं पोचायला वेळ लागत नाही.

शेवटी काळोबाला दुकानात परत दिलं. तिथं चार फुटांची टाकी, दगडांच्या गुहा आणि त्याच्याहून दांडगा, त्याच्याहून काळा एक ऑरेटस. आमचे महाराज दोन मिनिटांत दगडामागे!

पंधरा दिवसांनी आम्ही मुद्दाम डोकावलो. भाच्यानं काचेला नाक लावलं, बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "मामा, हा परत पिवळा व्हायला लागलाय का रे?"