आधी इंजिन, मग रंग

जुन्या मोटारींचा शौक आपल्याला नवा नाही. संस्थानिकांच्या गाड्या, घासून लख्ख केलेले त्यांचे पितळी दिवे, रविवारी सकाळी निघणारी त्यांची फेरी, हे सगळे आपण दरवर्षी वर्तमानपत्रात पाहतो. पण जुना ट्रॅक्टर? तो कोणी हौसेने विकत घेतो, दोन-दोन वर्षे त्यावर खपतो आणि सुट्टीच्या दिवशी नांगरटीच्या स्पर्धेला घेऊन जातो, असे सांगितले तर आपल्याकडचा शेतकरी हसेल. 'ट्रॅक्टर म्हणजे काय खेळणं आहे का?' असे विचारेल.

इंग्लंड, आयर्लंड आणि अमेरिकेत मात्र हा छंद चांगला रुजलेला आहे. ब्रिटनमध्ये त्यासाठी मंडळे आहेत, मासिके आहेत. केंब्रिजजवळच्या इली गावाशेजारी जुन्या ट्रॅक्टरांचे मोठे लिलाव होतात. हा छंद असणारे सगळेच शेतकरी नसतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, फिटर असतात, बँकेत नोकरी करणारेही असतात. पुष्कळांना ओढ असते ती आजोबांकडे किंवा शेजाऱ्याकडे लहानपणी पाहिलेल्या यंत्राची. शिवाय एक व्यावहारिक कारण आहे. जुना ट्रॅक्टर शेतकऱ्याने गोठ्याशेजारी, हाताशी असलेल्या पान्यांनी दुरुस्त करावा अशाच बेताने बनवलेला असे. त्यात संगणक नाही, बंद पेटीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. जे बिघडते ते डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते.

करडा फर्ग्युसन

या छंदात पहिला ट्रॅक्टर म्हणून पुष्कळ जण निवडतात तो फर्ग्युसन टीई-२०. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत तो तयार झाला. पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. नखशिखांत करडा रंग, वीस-पंचवीस अश्वशक्ती, चार पुढचे गिअर आणि एक मागचा. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते पट्टे बसवलेल्या अशाच तीन फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून.

पण या ट्रॅक्टरचे खरे महत्त्व ध्रुवावर नाही, शेतात आहे. त्याआधीचे ट्रॅक्टर नांगर नुसता मागे बांधून ओढत. नांगर खडकाला अडला की पुढची चाके उचलली जात आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर येई. कित्येकांचे जीव त्यात गेले. आयर्लंडमधल्या हॅरी फर्ग्युसन यांनी नांगर आणि ट्रॅक्टर यांचे एकच यंत्र करायचे ठरवले. खाली दोन दांडे आणि वर एक, अशा तीन बिंदूंवर अवजार जोडायचे आणि हायड्रॉलिकने ते उचलायचे. १९३६मध्ये ही रचना असलेला त्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला.

यातली गंमत वरच्या दांड्यात आहे. नांगर जमिनीत चालू लागला की माती त्याला मागे धरते आणि त्याचे वरचे टोक पुढे ढकलले जाते. हा दाब वरच्या दांड्यातून एका जाड स्प्रिंगवर येतो. जमीन कडक लागली की स्प्रिंग जास्त दबते, हायड्रॉलिकची झडप हलते आणि नांगर आपोआप थोडा वर येतो. जमीन मऊ लागली की तो पुन्हा खाली बसतो. शिवाय अवजाराचा भार मागच्या चाकांवर येत असल्यामुळे जेमतेम सव्वा टनाचा हलका ट्रॅक्टरही जमीन घट्ट पकडतो, आणि मागे उलटण्याचा धोका खूप कमी होतो. आज आपल्या गावातल्या ज्या नव्याकोऱ्या ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडलेला दिसतो, त्याच्या मागचे तीन दांडे हे याच कल्पनेचे वारस आहेत. 'टॉप लिंक' हा शब्द तर आता मराठीच झाला आहे.

घेताना काय पाहावे?

नवखा माणूस रंगाला भुलतो. ताजा चकचकीत रंग हे गिऱ्हाइकाने सावध होण्याचे पहिले कारण आहे. रंगाखाली काय झाकले आहे हे कळायला मार्ग नसतो. त्यापेक्षा गंजलेला पण अंगावरचे सगळे भाग जागेवर असलेला ट्रॅक्टर बरा. अनुभवी मंडळींचा नियम असा की चालू पण अपुरा ट्रॅक्टर घेण्यापेक्षा बंद पण पुरा ट्रॅक्टर घ्यावा. बंद इंजिन सुरू करता येते. हरवलेला कार्बुरेटर, मूळचे मडगार्ड किंवा लिफ्टचा एखादा दांडा शोधण्यात मात्र वर्ष जाते.

पाहायला जाल तेव्हा आधी इंजिनाला हात लावा. ते गरम असेल तर विकणाऱ्याने तुम्ही येण्यापूर्वी सुरू करून ठेवले आहे, असे समजा. थंड इंजिन कसे सुरू होते, पहिल्या मिनिटात धूर कोणत्या रंगाचा येतो, हेच तर पाहायचे असते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. थांबता न थांबणारा पांढरा धूर असेल तर पाणी आत जात असण्याचा संशय घ्यावा. डिपस्टिक काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. टीई-२०च्या इंजिनात सिलिंडरचे लायनर थेट पाण्यात बसलेले असतात. त्यांच्या तळाची सीलं जुनी झाली की पाणी खाली ऑइलमध्ये उतरते. हा दोष दुरुस्त होतो, पण किंमत ठरवताना तो माहीत असायला हवा.

मग लिफ्ट. मागे एखादे जड अवजार जोडून उचलायला सांगा. ते सहज उचलते की हिसके देत, आणि उचलल्यावर तिथेच राहते की हळूहळू खाली येते, ते पाहा. या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप पीटीओच्या दांड्यावर चालतो. त्यामुळे पीटीओ जोडलेला नसेल किंवा क्लच दाबलेला असेल तर लिफ्ट उचलणारच नाही. हे ठाऊक नसलेले गिऱ्हाईक चांगल्या लिफ्टला बिघडलेली ठरवते.

टायरकडे शेवटी पाहू नका, आधी पाहा. मागचे दोन टायर फाटलेले असतील तर त्यांचा खर्च आणि ट्रॅक्टरची किंमत यांची तुलना करूनच बोली लावा. आणि कारखान्याने बसवलेली क्रमांकाची पट्टी वाचा. टीईए म्हणजे पेट्रोलचे इंजिन, टीईएफ म्हणजे डिझेलचे. टीईडी म्हणजे पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलसारख्या स्वस्त तेलावर चालवायचे इंजिन. आपल्याकडे विहिरीवर पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे पंप होते, त्यातलाच हा प्रकार. क्रमांकावरून साल कळते आणि दुसऱ्याच ट्रॅक्टरचे इंजिन बसवले असेल तर तेही उघडे पडते.

कामाचा क्रम

ट्रॅक्टर घरी आला की लगेच पाने घेऊन तुटून पडायचे नाही. चारी बाजूंनी फोटो काढा. वायर कुठून कुठे जाते, कोणता पाइप कशाला जोडलेला आहे, ते टिपून ठेवा. सुटा केलेला प्रत्येक बोल्ट डब्यात आणि डब्यावर चिठ्ठी. सहा महिन्यांनी जोडायला बसाल तेव्हा स्मरणशक्तीचा उपयोग होत नाही, चिठ्ठीचा होतो.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन पुष्कळदा जाम झालेले असते. अशा वेळी दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून ते फिरवण्याचा मोह होतो. त्यात पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड मोडतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल ओतावे, काही दिवस जाऊ द्यावेत आणि मग हाताने, हँडलने, अगदी थोडे पुढे-मागे हलवून पाहावे. आठवडाभर वाट पाहण्याला पैसे पडत नाहीत. इंजिन सुटले की डिझेल-पेट्रोलची टाकी धुणे, जुने ऑइल काढणे, फिल्टर बदलणे, मग ठिणगी आणि इंधन तपासणे, हा क्रम. इंजिन चालते, ऑइलचा दाब येतो, गिअर पडतात, ब्रेक लागतो आणि लिफ्ट उचलते, इतके झाले की काय उघडायचे आणि काय उघडायचे नाही हे कळते. चांगल्या चालणाऱ्या गिअरबॉक्सला हौसेखातर उघडू नये.

क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत सोडवावा लागतो. मोटारीसारखी चासी ट्रॅक्टरला नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस हे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच त्याचा कणा. पुढचा आस मधल्या एका खिळीवर डोलणारा असतो. म्हणून सोडवण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकाव्या लागतात. नाहीतर इंजिनाचा अर्धा भाग कलंडतो. दोन्ही भागांखाली भक्कम स्टँड हवेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये. जुन्या क्लच आणि ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आणि ट्रॅक्टर चालू झाला तरी त्याला उलटल्यावर वाचवणारी चौकट नाही, हे विसरायचे नाही. ब्रिटनमध्ये नव्या ट्रॅक्टरांवर अशी सुरक्षा-चौकट सक्तीची झाली ती १९७०मध्ये.

रंगाचा प्रश्न

सगळे झाल्यावर रंग. इथे या मंडळींत दोन तट आहेत. एकाला ट्रॅक्टर कारखान्यातून आला तसा हवा. दुसरा म्हणतो, पन्नास-साठ वर्षांच्या उन्हापावसाने उडालेला मूळ रंग, शेतकऱ्याच्या बुटाने झिजलेले पेडल, हीच त्याची खरी कागदपत्रे आहेत. एकदा खरवडली की परत मिळत नाहीत. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. पत्रा सडलाच असेल तर रंग जरूर द्यावा, पण आधी चौकशी करून. टीई-२०नंतर १९५६मध्ये आलेला फर्ग्युसन ३५ करडा आणि सोनेरी होता. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस तो लाल-करडा मॅसी फर्ग्युसन ३५ झाला. पहिल्या थोड्या काळातला करडा-सोनेरी ट्रॅक्टर कोणी ओळखीचा म्हणून लाल रंगवून टाकला, तर चकचकीतपणाच्या नादात त्याचे वेगळेपणच पुसले जाते.

आपल्या अंगणात

आता आपल्याकडे वळू. १९६०मध्ये मद्रासला टॅफे कंपनी उभी राहिली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतात बनू लागले. १९६३मध्ये मुंबईत कांदिवलीला महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत बी-२७५ आणला. १९७१पासून हरियाणातल्या पिंजोरला एचएमटीने झेटॉरच्या तंत्रावर ट्रॅक्टर काढले. तो विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६मध्ये घेतला. म्हणजे इंग्लंडमध्ये ज्यांना लोक हौसेने जपतात, त्यांचीच भावंडे आपल्या वाड्यांमागे, बाभळीखाली उभी आहेत. तिकडचे हौशी लोक मॅसी ३५साठी जे नवे सुटे भाग विकत घेतात, त्यांतले बरेच भारतात बनलेले असतात!

आणि आपल्याकडे त्यांचे काय होते? भंगारवाला येतो, वजनावर भाव करतो आणि गॅस कटरने तुकडे करून नेतो. हा ट्रॅक्टर घेताना भू-विकास बँकेचे कर्ज काढलेले असते, सातबाऱ्यावर बोजा चढलेला असतो. तो फिटेपर्यंत घरातल्या एका पिढीने पोटाला चिमटा घेतलेला असतो. त्या पिढीची ही एक निशाणी किलोच्या भावाने जाते. सगळेच ट्रॅक्टर जपता येणार नाहीत, हे खरे. ज्याला जागेची आणि पैशाची अडचण आहे त्याने विकला तर त्याला दोष कसा द्यावा? पण तालुक्याला एखादा तरी चालू स्थितीत राहावा. कृषी महाविद्यालयाच्या किंवा आयटीआयच्या मुलांना लिफ्टची झडप उघडून दाखवायला, त्याच्याइतके सोपे पुस्तक दुसरे नाही. शिवाय त्याला हात लावलेले जुने मेकॅनिक अजून आपल्यात आहेत. सेटिंग कसे करायचे ते त्यांच्या बोटांत आहे, कागदावर नाही.

तुमच्या घरी असा ट्रॅक्टर असेल तर विकण्याचा किंवा दुरुस्तीचा निर्णय सावकाश घ्या. तोवर बिनखर्चाची चार कामे करा. आर.सी. बुक शोधा आणि नोंदणीची मुदत पाहून ठेवा. इंजिनाचा आणि चासीचा नंबर वहीत उतरवून घ्या. तो ट्रॅक्टर ज्याने चालवला त्या माणसाला बोलावून, त्याची खोड काय होती ते विचारा. आणि उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर आजच एक पत्र्याचा डबा उपडा घाला. पावसाचे पाणी त्याच वाटेने आत उतरते आणि एका पावसाळ्यात इंजिन जाम होते. दुरुस्तीचे पुढे बघता येईल, पण हा डबा पावसाळ्याआधीच बसायला हवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)