मुलांची धास्ती आणि ‘हर्बल’ बरणी

खराडीत आयटी पार्कभोवतीच्या सोसायट्यांमध्ये सकाळी शाळेच्या बसची वेळ झाली, की काही घरांत रोज एकच तक्रार ऐकू येते : पोटात दुखतंय. रविवारी दुखत नाही, दिवाळीच्या सुट्टीत दुखत नाही. युनिट टेस्टच्या आठवड्यात मात्र हमखास दुखते. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त-लघवी नॉर्मल. बालरोगतज्ज्ञ हळूच सुचवतात, ‘‘ताण असावा. एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घ्या.’’ इथे गाडी अडते. ‘आमच्या घरात कुणाला असलं काही नाही,’ असे आजी म्हणते. ‘उद्या शाळेत कळलं तर?’ ही आईची चिंता. वडील मोबाइल उघडतात आणि ब्राह्मी-अश्वगंधाच्या गमीजची रंगीत बरणी घरपोच येते. ‘हर्बल आहे, निदान अपाय तरी नाही.’

या पालकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. वनस्पती आपल्या घरात परकी नाही. तान्ह्या बाळाला गुटी उगाळून दिली जाते, पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनासाठी रांगा लागतात, दहावीच्या वर्षी शंखपुष्पीचे सिरप येते. पण आजीची गुटी म्हणजे सहाणेवर एक-दोन वेढे. गमीत असतो तो वनस्पतीचा संहत अर्क, रोज, महिनोन्‌महिने, तोही गोळीसारखा चघळायला गोड. दोन्हींना ‘घरगुती’ म्हणणे बरोबर नाही. (गुटीतले वेखंडही अगदी निरुपद्रवी नाही. त्यातल्या बीटा-असरोन या घटकामुळे अमेरिकेने १९६८ मध्येच त्यावर खाद्यपदार्थांत बंदी घातली.)

मग याने धास्ती कमी होते का? अश्वगंधेवरचे बहुतेक अभ्यास प्रौढांवरचे, छोटे आणि दोन-तीन महिन्यांचे आहेत. त्यांत ताण थोडा कमी झालेला दिसतो. मोठ्यांवरचा हा निष्कर्ष दहा वर्षांच्या मुलीला लावता येत नाही. ब्राह्मीची ख्याती स्मरणशक्तीसाठी. मुलांच्या चिंतेवर ती उपयोगी पडते, असे म्हणण्याइतका पुरावा नाही.

‘पण आमच्या मुलीला फरक पडला ना!’ हे पालक खोटे बोलत नसतात. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत चिंताविकार असलेली ७ ते १७ वर्षांची ४८८ मुले होती. त्यातल्या ज्यांना केवळ औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी दिली, त्यांच्यातलीही जवळपास २४ टक्के मुले बारा आठवड्यांत बरीच सुधारली. कुणीतरी लक्ष दिले, परीक्षा सरली, घरातली ओरड थांबली, एवढ्यानेही मूल सावरते. श्रेय मात्र बरणीला जाते.

खरी काळजी अपायाची आहे. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अश्वगंधा घेतल्यावर कावीळ झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२३ मध्ये भारतातूनही तशी नोंद आली. त्याच वर्षी डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली. असे क्वचितच घडते, हे खरे. पण जे औषध लागू पडेल याचीच खात्री नाही, त्यासाठी क्वचितचा धोकाही महागच. अश्वगंधेने थायरॉइडचे हार्मोन वाढू शकते. ते वाढले की छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणे, चिडचिड सुरू होते. म्हणजे ज्यासाठी औषध सुरू केले तेच वाढल्यासारखे दिसते आणि घरचे आणखी एक गमी देतात!

दुसरे औषध सुरू असेल तर धोका वाढतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ मध्ये नोंदवलेली हकीगत प्रत्येक पालकाला माहीत असायला हवी. फेनिटॉइनवर ज्यांची फिट आटोक्यात होती अशा रुग्णांना शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदिक सिरप सुरू केल्यावर पुन्हा फिट येऊ लागल्या. उंदरांवर तपासले तेव्हा त्या सिरपमुळे रक्तातील फेनिटॉइनची पातळी घसरत असल्याचे दिसले. परदेशातून मामा-काका आणतात त्या ‘सेंट जॉन्स वर्ट’चेही तसेच. नैराश्याच्या गोळ्यांबरोबर ती वनस्पती घेतली तर जीवावर बेतू शकते. सारस्वतारिष्ट हे तर अरिष्टच; त्यात आंबवण्यातून तयार झालेले अल्कोहोल असते, आणि ते बाटलीवर छापलेलेही असते.

शिवाय शिसे. २००८ मध्ये इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादने तपासली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे मुलांचे लक्ष आणि शिकणे बिघडवते, हे वेगळे सांगायला नको.

बरणी हातात घेऊन पाहावे. त्यावर फक्त अन्न परवाना असेल, तर ते औषध नव्हे. बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ असेही लिहिलेले असते. आयुर्वेदच घ्यायचा असेल तर बालरोगात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या वैद्याकडे मुलाला घेऊन जावे. तो मूल पाहून, वजन पाहून मात्रा ठरवतो. अल्गोरिदम ते करत नाही.

मुलांच्या धास्तीवर गुणकारी ठरलेला उपाय बाटलीत मिळत नाही. वर उल्लेखलेल्या चाचणीत विचार आणि वर्तन बदलण्याच्या उपचाराने, म्हणजे सीबीटीने, सुमारे ६० टक्के मुले सुधारली. त्याला सर्ट्रालिनची जोड दिली तेव्हा ८० टक्के. या उपचारामागचे तत्त्व साधे आहे. पोट दुखले म्हणून मूल घरी राहिले की लगेच हायसे वाटते आणि मेंदू शिकतो : शाळा धोक्याची, घर सुरक्षित. प्रत्येक सुट्टीने हा धडा पक्का होतो. म्हणून मुलाला पायरीपायरीने परत न्यायचे. आधी नुसते फाटकापर्यंत, मग दोन तास, मग डब्याच्या सुट्टीपर्यंत. प्रत्येक पायरीवर भीती चढते आणि थांबून राहिले की आपोआप उतरते, हे मुलाला स्वतः अनुभवायला मिळाले पाहिजे. यात आई-बाबांना बरेच कष्ट पडतात. बरणी सोपी वाटते ती म्हणूनच.

त्याआधी साध्या गोष्टी तपासाव्यात : हिमोग्लोबिन, थायरॉइड, शाकाहारी घरात बी-१२, रात्री मोबाइल किती वाजता बंद होतो, दम्याचे औषध सुरू आहे का (त्यानेही धडधड होते), आणि वर्गात किंवा बसमध्ये कुणी छळते आहे का. हे शेवटचे शांतपणे, एकांतात विचारावे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. खराडीच्या चाळीस मुलांच्या वर्गाला हे प्रमाण लावले तर दोन-तीन मुले. ससून रुग्णालयात मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा आहे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

बरणी आधीच सुरू केली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये. रागावतील म्हणून घरी ठेवू नये, लेबलसकट सोबत न्यावी. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, सतत उलट्या किंवा गुंगी आली, तर ती लगेच बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि मूल ‘मला जगायचंच नाही’ असे सहज बोलल्यासारखे जरी बोलले, तरी त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, मग रात्रीचे अकरा का वाजलेले असेनात.