सवलतीतला भारी लॅपटॉप : स्वस्त किती, महाग किती?

दसरा-दिवाळी जवळ आली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक शिक्षकच असतात. "नव्वद हजारांचा लॅपटॉप साठ हजारांना मिळतोय. घ्यावा का?" उत्तर लगेच हवं असतं, कारण सवलत दोन दिवसांत संपणार असते. प्रश्न साधा दिसला तरी रक्कम साधी नाही. २०२३ साली प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचं मानधन वाढून महिना १६ हजार रुपये झालं. त्या हिशोबाने साठ हजार म्हणजे जवळजवळ चार महिन्यांची कमाई. म्हणून हा प्रश्न जाहिरातीच्या भाषेत न सोडवता विज्ञानाच्या आणि थोड्या अंकगणिताच्या मदतीने सोडवता येतो का, ते पाहू.

सुरुवातीलाच एक गोष्ट बाजूला काढू. 'तीस हजार वाचले' हे वाक्य छापील किमतीवर उभं असतं. छापील किंमत ही कमाल किंमत असते, म्हणजे तिच्यापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, एवढाच तिचा अर्थ. ती वस्तू बाजारात खरोखर त्या किमतीला विकली जात होती असं त्यातून सिद्ध होत नाही. तेव्हा किती वाचले हे विसरू आणि साठ हजारांत नेमकं काय मिळतं ते विचारू.

यासाठी एक नामी उदाहरण आपल्या हाताशी आहे. प्रयोगशाळेत आपण दोन परीक्षानळ्या घेतो, सगळं सारखं ठेवतो आणि एकच गोष्ट बदलतो. बाजारात असा प्रयोग सहसा होत नाही, पण २०२० साली तो आपोआप घडला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ॲपल कंपनीने मॅकबुक एअर नावाचा लॅपटॉप आणला. त्यात इंटेल कंपनीचा प्रोसेसर होता. नोव्हेंबरमध्ये त्याच नावाचा दुसरा लॅपटॉप आला, त्यात ॲपलने स्वतः आखलेला एम-१ हा प्रोसेसर होता. दोन्हींचा आकार तोच, वजन तेच (१.२९ किलो), पडदा १३.३ इंचांचा, सर्वांत कमी किमतीच्या नगात मेमरी ८ जीबी आणि साठवण २५६ जीबी. भारतातली किंमतही दोन्हींची जवळजवळ ९३ हजार रुपये. टेबलावर शेजारी ठेवले तर कोणता कुठला हे सहज सांगता येऊ नये.

दोघांची बॅटरीसुद्धा सारखीच, ४९.९ वॅट-तासांची. कंपनीच्या सांगण्यानुसार इंटरनेट पाहण्याचं काम इंटेलवाला ११ तास करतो, तर एम-१वाला १५ तास. आता भागाकार करा. ४९.९ भागिले ११ म्हणजे सुमारे ४.५ वॅट, आणि ४९.९ भागिले १५ म्हणजे सुमारे ३.३ वॅट. (आपल्याकडचा जुना 'झिरो'चा दिवा बारा-पंधरा वॅट खातो, हे इथे आठवायला हरकत नाही.) पडदा उजळायला लागणारी वीज दोन्हीकडे सारखीच धरली, तर हा फरक मुख्यतः प्रोसेसर आणि त्याच्या आसपासच्या चिप्समधला आहे.

प्रोसेसरमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर म्हणजे एक इवलंसं विद्युतधारित्र आहे असं समजा. ते भरायचं, रिकामं करायचं, पुन्हा भरायचं, असं सेकंदाला कोट्यवधी वेळा चालतं. यात खर्च होणारी शक्ती धारित्राच्या प्रमाणात, वारंवारतेच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वर्गाकडे लक्ष द्या. दाब निम्मा केला तर खर्च पावपट होतो. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याचं धारित्र घटतं आणि तो कमी दाबावर चालू शकतो. इंटेलची ती चिप '१० नॅनोमीटर' पद्धतीने केलेली होती, एम-१ '५ नॅनोमीटर' पद्धतीने. या आकड्यांना आता मोजमापापेक्षा व्यापारी नावाचंच रूप आलेलं आहे, त्यामुळे ते शब्दशः घेऊ नयेत. पण दिशा खरी आहे. एम-१ इतका थंड चालतो की त्या लॅपटॉपला पंखाच नाही.

पुढे या दोन भावंडांचं काय झालं? सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने टाहो नावाची नवी ऑपरेटिंग सिस्टीम आणली. ती २०२० च्या एम-१ एअरवर चालते, २०२० च्या इंटेल एअरवर चालत नाही. नवी सिस्टीम नाही मिळाली म्हणून यंत्र बंद पडत नाही. मागच्या सिस्टीमसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या साधारण दोन वर्षं येत राहतात असा आतापर्यंतचा रिवाज आहे. त्यानंतर मात्र बँकेचे व्यवहार किंवा विद्यार्थ्यांची माहिती अशा यंत्रावर ठेवणं शहाणपणाचं नाही. हळूहळू ब्राउझरही नव्या आवृत्त्या देणं थांबवतात.

समजा, २०२१ च्या सुरुवातीला एखाद्या दुकानात इंटेलचा उरलेला नग पंचवीस टक्के सवलतीत, म्हणजे सुमारे ७० हजारांना मिळत होता, आणि शेजारीच एम-१ पूर्ण किमतीला ठेवलेला होता. घेणाऱ्याला २३ हजार वाचल्यासारखे वाटले असते. पण प्रोसेसर बदलणार ही घोषणा ॲपलने जून २०२० मध्येच जाहीरपणे केली होती. म्हणजे सवलत कशाची होती? उरलेल्या आयुष्यातला मोठा तुकडा आधीच कापून घेतला होता, त्याची ती भरपाई होती. आणि आमच्या मते ती अपुरी होती.

इथून एक सोपा नियम काढता येतो. आठवी-नववीच्या मुलांकडूनही तो सोडवून घेता येईल. लॅपटॉपचं घड्याळ तुम्ही तो विकत घेता त्या दिवशी सुरू होत नाही. तो नमुना बाजारात आला त्या दिवशी सुरू होतं, कारण सॉफ्टवेअरचा आधार सामान्यतः नमुन्याच्या वयावरून ठरतो. समजा, एका नमुन्याचं उपयोगी आयुष्य आठ वर्षं आहे आणि किंमत ९० हजार. पहिल्या दिवशी घेतला तर वर्षाला ११,२५० रुपये पडले. तोच नमुना तीन वर्षांनी तीस टक्के सवलतीत ६३ हजारांना घेतला, तर उरली पाच वर्षं, आणि वर्षाला पडले १२,६०० रुपये. तीस टक्के सवलत मिळूनही यंत्र महागच पडलं! किती सवलत मिळाली तर बरोबरी होईल? समीकरण मांडून पाहा. उत्तर अगदी सुटसुटीत येतं : गेलेली वर्षं भागिले एकूण वर्षं. इथे तीन भागिले आठ, म्हणजे साडेसदतीस टक्के. सवलत त्याहून जास्त असेल तर फायदा, कमी असेल तर तोटा. पंचेचाळीस टक्के मिळाली तर किंमत ४९,५०० आणि वर्षाचा खर्च ९,९००, मग जरूर विचार करावा.

आठ हा आकडा आम्ही उदाहरणासाठी घेतला आहे. तुम्ही सहा घ्या, सात घ्या. नियम बदलत नाही.

यावर कोणी म्हणेल की जुना प्रोसेसर संथ असतो, तो हिशोब कुठे गेला? गंमत अशी की आज तो हिशोब पूर्वीइतका महत्त्वाचा राहिलेला नाही. १९९० च्या दशकात तीन वर्षांचा संगणक खरोखर म्हातारा होई. ट्रान्झिस्टर लहान होत, त्याबरोबर विद्युतदाब कमी होई आणि वेग वाढवता येई. २००५ च्या सुमारास दाब कमी करण्याची ही वाट अडली, कारण दाब फार उतरवला की बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपत राहते. तेव्हापासून प्रोसेसरची वारंवारता थोड्याच गिगाहर्ट्झच्या घरात घुटमळते आहे. प्रगती थांबलेली नाही, पण प्रश्नपत्रिका टाइप करणं, निकालाचे तक्ते, पाठाचे व्हिडिओ, ऑनलाइन बैठका या कामांना २०२० चा चांगला प्रोसेसर आजही पुरतो. भारी लॅपटॉप जुना होतो तो दुसऱ्याच ठिकाणी.

एक ठिकाण म्हणजे मेमरी. बारीक, हलक्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा मुख्य पट्टीवर डाख देऊन कायमची बसवलेली असते. जागा वाचते, वीजही वाचते, पण पुढे ती वाढवता येत नाही. आज ८ जीबी घेतली तर ती शेवटपर्यंत ८ जीबीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलने एअरची किमान मेमरी ८ वरून १६ जीबी केली आणि किंमत तीच ठेवली. त्या दिवसानंतर ८ जीबीचा शिल्लक नग दहा टक्के सवलतीत मिळाला तरी तो आम्ही महागच म्हणू.

दुसरं ठिकाण बॅटरी, आणि इथे खरी गोम आहे. लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. तिच्या ग्रॅफाइटच्या टोकावर विद्युतअपघटनी द्रवाचं सावकाश विघटन होऊन एक पातळ थर जमतो. हा थर सुरुवातीला उपकारक असतो, पण तो वाढत जातो आणि कामाचं लिथियम स्वतःत अडकवून ठेवतो. ही रासायनिक क्रिया आहे, म्हणून तापमान वाढलं की ती वेग घेते. दर दहा अंशांना साधारण दुप्पट, हा शाळेतला ढोबळ नियम इथेही अंदाजासाठी चालतो. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर झीज आणखी वाढते. आता विचार करा : विदर्भातल्या एखाद्या गोदामात, पत्र्याखाली, दोन उन्हाळे काढलेला 'नवाकोरा' लॅपटॉप. खोक्याचं सील शाबूत असेल, पण आतली बॅटरी नवी म्हणता येईल का? त्यात ती गोंदाने चिकटवलेली असली तर बदलण्याचा खर्चही मोठा.

सुदैवाने कायद्याने खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापावं लागतं. संकेतस्थळावरच्या जाहिरातीत मात्र तो दाखवण्याचं बंधन नाही. म्हणजे भारी सवलत जिथे असते नेमकी तिथेच ही माहिती दिसत नाही. दुकानात जाऊन खोकं उलटून पाहणाऱ्याला ती फुकट मिळते.

मग भारीपणात न झिजणारं काही असतं का? असतं. चांगला पडदा, चांगला कीबोर्ड, भक्कम कवच या गोष्टी तीन वर्षांपूर्वी जितक्या चांगल्या होत्या तितक्याच आजही आहेत. ॲल्युमिनियम उष्णता प्लॅस्टिकच्या जवळजवळ हजारपट सहज वाहून नेतं, म्हणून कवचच उष्णता बाहेर टाकतं. बिनपंख्याच्या यंत्राचा आपल्याला आणखी एक फायदा : पंखा खडूची धूळ आत ओढतो आणि ती आतल्या पात्यांत घट्ट बसते. ज्यांच्या वर्गात अजून खडू-फळा आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

जुने, दुरुस्त करून विकले जाणारे कार्यालयीन लॅपटॉप ही वेगळीच जात आहे. एके काळी तेही भारीच होते. तिथेही घड्याळ तपासा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. थिंकपॅड टी-४७० आणि टी-४८० दिसायला जुळे, पण पहिल्यात सहसा सातवी पिढी किंवा तिच्याही मागची, दुसऱ्यात आठवी. किमतीत दोन-तीन हजारांचा फरक असेल तर तो आनंदाने द्यावा. अर्थात लिनक्स वापरायची तयारी असेल तर हे बंधन सुटतं. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर काम करत आहेत.

आमचं मत विचाराल तर असं आहे. ज्या शिक्षकाला लॅपटॉप रोज एसटीतून न्यायचा आहे, ज्याच्या गावात दुपारी वीज जाते, त्याला हलकं आणि दिवसभर चालणारं यंत्र खरोखर उपयोगी पडतं. नियमात बसणारी सवलत मिळाली तर त्याने ते घ्यावं. पण यंत्र शाळेच्या टेबलावर, प्लगला जोडूनच राहणार असेल, तर भारीपणाचे पैसे कशाला द्यायचे? त्या रकमेत दोन साधे संगणक येतात आणि दुप्पट मुलांचे हात कीबोर्डला लागतात.

घेतलाच, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत एक तपासणी करा. लॅपटॉप स्वतःच बॅटरीची मूळ क्षमता, आताची पूर्ण चार्ज क्षमता आणि आजवर किती वेळा चार्ज झाला हे सांगू शकतो. विंडोजमध्ये त्यासाठी बॅटरी रिपोर्ट काढता येतो, मॅकमध्ये ही माहिती सिस्टीमच्या तपशिलात मिळते. आताची क्षमता भागिले मूळ क्षमता करा. नव्या म्हणून घेतलेल्या यंत्रात हा आकडा ९० टक्क्यांच्या खाली आला, तर खोक्यावरचा महिना पाहा, दोन्हींचे फोटो काढा आणि यंत्र परत करा.