श्वास भरपूर, तरी धाप का लागते?

"टीचर, मुलगी दोन जिने चढली की धापा टाकते. दमा तर नाही ना?" पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. आपल्या सीबीडी बेलापूरला पारसिक टेकडीचा चढ चढताना निरोगी माणसालाही दम लागतो, पण थोडं थांबलं की श्वास जागेवर येतो. रोजच्या साध्या कामातही धाप लागत असेल, तर दोष दर वेळी फुफ्फुसातच असतो असं नाही. का, ते पाहू.

श्वास घेताना छातीखालचं श्वासपटल खाली सरकतं, फासळ्या वर उचलल्या जातात, छातीत जागा वाढते आणि हवा आत येते. या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. श्वासनलिकेतून ती फुफ्फुसातल्या कोट्यवधी वायुकोशांत पोचते. हे वायुकोश म्हणजे बारीक बारीक फुगेच. त्यांची भिंत अतिशय पातळ, आणि तिला लागूनच रक्ताच्या केशवाहिन्या. अत्तराची बाटली उघडली की वास जास्त असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे पसरतो. तसाच ऑक्सिजन हवेतून रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड रक्तातून हवेत येतो. पाठ्यपुस्तकात याला विसरण म्हणतात. बाहेर पडणाऱ्या हवेत ऑक्सिजन साधारण 16 टक्केच उरतो.

फुफ्फुसातून हे रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला येतं आणि तिथून सगळ्या शरीरात जातं. पेशींना ऑक्सिजन देऊन, कार्बन डायऑक्साइड घेऊन ते उजव्या बाजूला परततं आणि पुन्हा फुफ्फुसात जातं. उजवीकडचं रक्त फुफ्फुसातूनच डावीकडे जातं, हृदयाच्या मधल्या पडद्यात छिद्रं नसतात, हे इब्न अल-नफीस यांनी 13व्या शतकात लिहून ठेवलं होतं. दमास्कसमध्ये शिकलेले आणि कैरोत काम केलेले हे हकीम. युरोपात विल्यम हार्वे यांचं रक्ताभिसरणावरचं पुस्तक आलं ते 1628 मध्ये.

आता मुद्द्याची गोष्ट. ऑक्सिजन रक्तात नुसता फार थोडा विरघळतो. जवळपास 98 टक्के ऑक्सिजन वाहून नेतं ते तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि एकेका अणूला ऑक्सिजनचा एक रेणू धरतो. लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन कमी बनतं. हार्बर लाइनवर प्लॅटफॉर्म माणसांनी भरलाय, पण गाडीला डबेच कमी, तशी ही गत. फुफ्फुसात हवा भरपूर, पण नेणारं कोणी नाही. मग हृदय फेऱ्या वाढवतं. छाती धडधडते, दम लागतो, अभ्यासात लक्ष लागत नाही.

यालाच अ‍ॅनिमिया म्हणतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. पाळी सुरू झालेल्या मुलींना याचा धोका जास्त. आणि आपल्या घरांत सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेलं जेवायची सवय कोणाला असते, ते सांगायला नको.

उपाय अवघड नाही. आधी रक्त तपासून घ्या. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातही हिमोग्लोबिनची तपासणी होते. 12 वर्षांवरच्या मुलींमध्ये ते 12 ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. कलेजी, मटण, डाळी, पालेभाज्या ताटात असू द्या आणि वर लिंबू पिळा, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाबरोबरचा चहा मात्र लोह अडवतो. रमजानमध्ये इफ्तारला लगेच चहा नको, तासभर थांबा. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी मुली टाकून देतात. ती रिकाम्या पोटी नको, जेवून घ्यावी. रोजा असेल तर इफ्तारनंतर.

मात्र मनानेच टॉनिक सुरू करू नका. प्रत्येक अ‍ॅनिमिया लोहाच्या कमतरतेचा नसतो, थॅलेसेमियातही हिमोग्लोबिन कमी असतं. आणि धाप खरोखर दम्याची किंवा हृदयाचीही असू शकते. ते डॉक्टरच ठरवतील.

मुलगी "दमले" म्हणाली तर तिला आळशी म्हणू नका. आधी तिचं रक्त तपासा. आणि हो, अम्मीचंही.